हनुवटीवरचे पाच टाके आणि न जुळणारे दात : खालच्या जबड्याच्या दुहेरी फ्रॅक्चरचे एक प्रकरण

रुग्ण सोलापूर जिल्ह्यातील एका गावचा, वय 29, व्यवसाय दूध संकलनाचा. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून तो रोज पहाटे वाड्यावस्त्यांवरचे दूध गोळा करून डेअरीवर पोचवीत असे. डिसेंबरातल्या एका पहाटे, पांढरे पट्टे न मारलेला गतिरोधक अंधारात न दिसल्याने गाडी उडाली आणि तो हँडलवरून पुढे फेकला जाऊन थेट हनुवटीवर पडला. हेल्मेट नव्हते. शुद्ध हरपली नाही, उलटी झाली नाही. जवळच्या एका दवाखान्यात हनुवटीखालच्या जखमेला पाच टाके घालण्यात आले, धनुर्वाताचे इंजेक्शन व वेदनाशामक गोळ्या देण्यात आल्या आणि त्याला घरी पाठविण्यात आले. तोंड उघडून पाहिले गेले नाही, क्ष-किरण चित्रही काढले गेले नाही.

तिसऱ्या दिवशी वडील त्याला आमच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन आले. बोलताना तो जबडा हाताने उचलून धरत होता. काय त्रास होतो, असे विचारल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर, टाकं सुकल्यात, पण दात बसंनात. डावीकडं आधी लागतंय अन् उजवीकडं फट राहती." हे वाक्य मी केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहून घेतले, कारण पुढे सीटी स्कॅनने जे दाखविले ते सारे त्यात आधीच आलेले होते. खालच्या जबड्याच्या फ्रॅक्चरमध्ये दातांची बैठक बदलल्याची तक्रार ही सर्वांत विश्वासार्ह खूण असते. वरचे व खालचे दात वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून इतके नेमके बसलेले असतात, की कागदाच्या जाडीएवढा फरकही माणसाला तत्काळ जाणवतो. रुग्ण ही तक्रार करीत असेल, तर ती खोटी ठरेपर्यंत जबडा मोडलेला आहे असे धरून चालावे.

तपासणीत हनुवटीखाली तीन सेंटिमीटर लांबीची शिवलेली जखम होती. डाव्या कानाच्या पुढे सूज होती, तेथे दाबल्यावर तो कळवळला, आणि त्याच कानाच्या नळीत वाळलेल्या रक्ताचा पापुद्रा होता. जिभेखाली तोंडाच्या तळाशी रक्त साकळून निळसर फुगवटा आला होता. उजवीकडे खालचा सुळा व त्यामागची पहिली उपदाढ यांच्यामध्ये हिरडी फाटलेली होती आणि त्या जागी दातांच्या ओळीत पायरी पडली होती. दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलविले असता जबड्याचे दोन तुकडे स्वतंत्रपणे हलत. खालच्या ओठाचा उजवा अर्धा भाग बधिर होता, कापसाचा स्पर्श त्याला कळत नव्हता. तोंड उघडताना हनुवटी डावीकडे वळत असे.

तोंड उघडत होते 19 मिलिमीटर. दोन दिवसांपूर्वी जबडा मोडलेल्या माणसाचे तोंड दुखण्यामुळे कमी उघडणे स्वाभाविक आहे. परंतु गालाच्या आतून बोट फिरविल्यावर दोन्हीकडे उभे, ताठ, दोरीसारखे पट्टे हाताला लागले आणि अस्तर पांढुरके, निबर झालेले दिसले. अपघातापूर्वी तोंडात किती बोटे मावत असत, असे विचारले तेव्हा त्याने वडिलांकडे पाहिले आणि खाली मान घालून सांगितले, "दोनच." गेली आठ वर्षे मावा आणि गुटखा. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी आमच्या बाह्यरुग्ण विभागात असे तोंड न दिसलेला आठवडा मला आठवत नाही. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतूंचे जाळे घट्ट होत जाते, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि ते एकदा झाले की पूर्ववत होत नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयावर या पट्ट्यांचा परिणाम झाला, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

खालचा जबडा हे घोड्याच्या नालेच्या आकाराचे हाड आहे आणि त्याची दोन्ही टोके कानापुढच्या सांध्यांत अडकलेली आहेत. हनुवटीवर पुढून आघात झाला की तो जोर हाडाच्या कमानीतून मागे सरकतो आणि जेथे हाड बारीक आहे तेथे, म्हणजे सांध्याच्या गोल डोक्याखालच्या मानेपाशी, वाट काढतो. या डोक्याला कॉन्डाइल म्हणतात. ही मान मोडते हे एका अर्थी रुग्णाच्या हिताचे असते, कारण ती मोडली नसती तर कॉन्डाइल वर कवटीच्या तळात घुसण्याचा धोका होता. म्हणून हनुवटी फुटलेल्या प्रत्येक रुग्णात दोन्ही कानांपुढे बोट ठेवून तोंड उघड-मीट करायला सांगावे. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो. टाके घालणाऱ्याने ती केली असती तर तीन दिवस वाया गेले नसते.

मेंदूचा सीटी स्कॅन निर्दोष होता, कवटीच्या तळाला इजा नव्हती आणि मानेचे मणके ठीक होते. कानातले रक्त नळीच्या पुढच्या भिंतीला कॉन्डाइलने आतून धक्का दिल्यामुळे आलेले होते. चेहऱ्याच्या स्कॅनमध्ये दोन फ्रॅक्चर दिसली. पहिले उजवीकडे, हनुवटीच्या मध्यापासून थोडे बाजूला, सुळ्यामागून तिरके खाली उतरलेले, ज्याला पॅरासिम्फिसिसचे फ्रॅक्चर म्हणतात. त्याची जिभेकडची फट ओठाकडच्या फटीपेक्षा रुंद होती. दुसरे डावीकडे, कॉन्डाइलच्या मानेच्या पायथ्याशी. सांध्याला लागलेला स्नायू कॉन्डाइलला पुढे आणि आत ओढतो, त्यामुळे वरचा तुकडा सुमारे 35 अंशांत आत कलला होता, खालचा उभा भाग त्याच्यावर चढून आखूड झाला होता आणि ही आखूडी 6 मिलिमीटर भरली. डावी बाजू आखूड झाल्यामुळे डाव्या दाढा आधी टेकत आणि उजवीकडे फट राहत असे.

आता प्रश्न होता तो हा जबडा कशाने धरायचा हा.

मोडलेला जबडा दातांच्या आधारे धरण्याची कल्पना फार जुनी आहे. हिपॉक्रेटिसच्या नावे असलेल्या ग्रीक लेखनात फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेने किंवा तागाच्या धाग्याने एकत्र बांधावेत असा सल्ला आहे. खालचे दात वरच्या दातांना तारेने बांधून जबडा बंद ठेवण्याची पद्धत 1887 मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक गिल्मर यांनी मांडली, आणि आज आपण वापरतो ती आकड्यांची धातूची पट्टी, म्हणजे आर्च बार, एरिक यांच्या नावाने 1940च्या दशकात रूढ झाली. गावाकडे "जबडा बांधला" असे म्हणतात ते यालाच. चार ते सहा आठवडे तोंड बंद, नळीने किंवा दातांच्या फटीतून पातळ आहार, आणि उशाशी तार कापण्याची कात्री, कारण उलटी झाली तर तोंड तत्काळ मोकळे करता आले पाहिजे.

1970च्या दशकात मिशले आणि त्यानंतर स्ट्रासबर्गचे शांपी या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी या विचाराला वेगळी दिशा दिली. चावताना खालच्या जबड्याच्या वरच्या काठावर ताण येतो आणि खालच्या काठावर दाब येतो. ताणाच्या रेषेवर पातळ, लहान प्लेट हाडाच्या फक्त बाहेरच्या थरात स्क्रूने बसविली, तर दाबाचे काम मोडलेले हाडच एकमेकांना टेकून करते. मागे, दाढांच्या भागात, अशी एक प्लेट पुरते. हनुवटीच्या भागात मात्र जबडा पिळला जातो, म्हणून तेथे चार-पाच मिलिमीटर अंतराने दोन प्लेट लागतात. या तत्त्वावरच आजची मिनीप्लेट उभी आहे. ती भार एकटी वाहत नाही, हाडाबरोबर वाटून घेते. हाडाचा चुरा झाला असेल, जंतुसंसर्ग होऊन हाड गेले असेल किंवा दात पडून जबडा बारीक झालेला असेल, तर वाटून घ्यायला हाडच उरत नाही आणि मग सगळा भार एकटीने पेलणारी जाड रिकन्स्ट्रक्शन प्लेट लागते. आमच्या रुग्णाचे हाड तरुण, जाड आणि स्वच्छ तुटलेले होते, त्यामुळे पुढच्या फ्रॅक्चरसाठी दोन मिनीप्लेट हे उत्तर सरळ होते.

अवघड होता तो कॉन्डाइल. कॉन्डाइलची बरीच फ्रॅक्चर चिरफाड न करता, काही दिवस दात बांधून आणि नंतर रबराच्या साहाय्याने जबड्याला वळण लावून बरी होतात, आणि मी स्वतः कितीतरी रुग्णांना तसेच बरे केले आहे. शस्त्रक्रियेत चेहऱ्याच्या मज्जातंतूला धोका असतो, गालावर व्रण राहतो, म्हणून उठसूट कॉन्डाइल उघडू नये असेच मी विद्यार्थ्यांना सांगतो. दुसरीकडे, एकेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री अभ्यासात, ज्या प्रौढ रुग्णांचे कॉन्डाइल 10 ते 45 अंशांत कलले होते किंवा जबड्याचा उभा भाग दोन मिलिमीटर वा अधिक आखूड झाला होता, त्यांच्यात उघडून प्लेट बसविलेल्यांची हालचाल व आराम अधिक चांगला आढळला. आमचा रुग्ण दोन्ही निकषांत बसत होता. तरीही केवळ या आकड्यांवरून निर्णय झाला नाही. खरे कारण त्याच्या गालात होते. ज्याचे तोंड आधीच दोन बोटांपुरते उघडते, त्याचा जबडा तीन-चार आठवडे बंद बांधून ठेवला, तर ते ताठ पट्टे हालचालीअभावी आणखी आवळतील, आणि तार सोडल्यावर तोंड एका बोटावर येईल. कॉन्डाइलही मोडलेला असताना सांधा गोठण्याची भीती वेगळीच. त्याला लवकरात लवकर, पहिल्याच आठवड्यात, तोंड हलवू देणे भाग होते, आणि ते फक्त दोन्ही फ्रॅक्चर प्लेटने घट्ट धरली तरच शक्य होते. हे सारे रुग्णाला व वडिलांना सीटीची चित्रे दाखवून सांगितले. चेहऱ्याची डावी बाजू काही आठवडे कमी हलू शकेल, हेही स्पष्ट सांगितले. वडिलांनी एकच गोष्ट विचारली, भाकरी खाता येईल का. सहा आठवड्यांनी येईल, असे मी सांगितले.

शस्त्रक्रियेपर्यंतचे दोन दिवस वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्याच संध्याकाळी तेवढीच जागा बधिर करून फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन दातांभोवती 26 गेजची तार घालून तुकडे तात्पुरते बांधले. ही छोटी कृती अनेक ठिकाणी केली जात नाही याचे मला वाईट वाटते. हाडाची टोके एकमेकांवर घासायची थांबली की रुग्ण त्या रात्री झोपतो, रक्तस्राव थांबतो आणि गिळता येऊ लागते. दातांच्या ओळीतून जाणारे प्रत्येक फ्रॅक्चर तोंडातल्या जंतूंना उघडे असते, म्हणून प्रतिजैविक व क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या सुरू केल्या.

भूलतज्ज्ञांपुढे वेगळा प्रश्न होता. शस्त्रक्रियेत दात जुळवून पाहायचे असल्याने श्वासनळीतली नळी तोंडातून घालता येत नाही, ती नाकातून जावी लागते. आणि तोंड 19 मिलिमीटरच उघडत असल्याने, नेहमीप्रमाणे भूल देऊन मग दुर्बीण घालण्याचा धोका पत्करता येत नव्हता. नाक व घसा बधिर करून, रुग्ण जागा व स्वतः श्वास घेत असताना, फायबरऑप्टिक दुर्बिणीवरून नाकातून नळी घालण्यात आली. नंतर पूर्ण भूल व स्नायू सैल करण्याचे औषध दिल्यावर आम्ही पुन्हा तोंड मोजले तेव्हा ते 23 मिलिमीटर भरले. म्हणजे दुखण्याने आखडलेले चारच मिलिमीटर होते, बाकी मुख्यतः सुपारीची करणी होती. तोंडातून दुर्बिणीच्या साहाय्याने कॉन्डाइलपर्यंत पोचण्याचा, बाहेर व्रण न ठेवणारा मार्ग या मापाने बंद झाला.

आधी वरच्या व खालच्या दातांना पहिल्या दाढांपर्यंत आर्च बार बांधले. निबर गाल मागे ओढला जात नसल्याने दाढेभोवती तार ओवायलाच बराच वेळ गेला. खालची पट्टी फ्रॅक्चरपाशी कापून दोन भागांत बांधली, कारण अखंड पट्टी चुकीच्या जागी असलेले तुकडे तसेच चुकीचे धरून ठेवते. नंतर खालच्या ओठाच्या आतून, हिरडीपासून थोडे अंतर सोडून छेद घेतला. उजवीकडे ओठाला संवेदना देणारा मज्जातंतू जबड्याच्या छिद्रातून बाहेर येतो, तो सोडवून रबरी पट्टीने हलकेच बाजूला धरला. तो ताणलेला होता, पण अखंड होता. फटीतले साकळलेले रक्त धुऊन काढले, तुकडे चिमट्याने जुळवले, आणि मग खालचे दात वरच्या दातांवर बसवून तारांनी बांधले.

दात "बसले" हे ठरवायचे कसे, हे पुस्तकात वाचून येत नाही. या रुग्णाचे खालचे पुढचे दात मुळातच वाकडेतिकडे होते, त्यामुळे ओळ सरळ दिसली की झाले, असे म्हणता येत नव्हते. आम्ही झिजेच्या खुणा पाहिल्या. उजव्या वरच्या सुळ्याच्या टोकाला एक तिरकी, चकाकणारी झीज होती, आणि खालच्या उपदाढेवर तिच्याच मापाचा तिरका सपाट भाग होता. ते दोन सपाट भाग एकमेकांवर आले तेव्हा दाढा खट् आवाज करून मिटल्या आणि सहाय्यकाच्या हातालाही दात बसल्याचे जाणवले. त्या क्षणी तारा आवळल्या.

दोन टायटॅनियमच्या प्लेट वाकवून हाडाच्या वळणाला लावल्या. वरची दातांच्या मुळांखाली, 6 मिलिमीटरच्या स्क्रूंनी बाहेरच्या थरात, खालची जबड्याच्या कडेपाशी, 10 मिलिमीटरच्या स्क्रूंनी दोन्ही थरांतून. भोक पाडताना सहाय्यक सतत सलाइन सोडत होता, कारण ड्रिलच्या उष्णतेने हाड मेले की स्क्रू काही आठवड्यांत सैल होतो. समोरून पाहिले तर फट केसाएवढीही उरली नव्हती.

येथे आमची चूक झाली होती, आणि ती तपासण्याची सवय असल्यामुळे वेळीच सापडली. तारा सोडून, उजव्या दाढांमध्ये निळा आर्टिक्युलेटिंग पेपर, म्हणजे दात जेथे टेकतात तेथे खूण उठवणारा कागद, धरून जबडा हाताने मिटवला. निळ्या खुणा फक्त गालाकडच्या उंचवट्यांवर उठल्या, जिभेकडचे उंचवटे कोरडे राहिले. याचा अर्थ पुढून फट मिटलेली असली तरी जिभेकडून ती उघडीच होती, जबडा मागे फाकलेला होता आणि बाहेरून आवळलेल्या तारांनी दाढा आत कलंडवून तो फाकलेपणा झाकला होता. कॉन्डाइलही मोडलेला असताना हे विशेष घडते, कारण मागचा आधार सुटलेला जबडा पुस्तकाप्रमाणे उघडतो. हाडाला तंतोतंत चिकटेल अशी वाकवलेली प्लेट स्क्रू आवळताना समोरची बाजू दाबते आणि मागची फाकवते. तसेच राहिले असते तर चेहरा खालून रुंद दिसला असता, दाढा नीट चावल्या नसत्या आणि डावीकडचा कॉन्डाइल त्याच्या जागी बसलाच नसता.

खालच्या प्लेटचे सर्व आणि वरच्या प्लेटचे एका बाजूचे स्क्रू काढले. प्लेट थोडी जास्त वाकवली, इतकी की ती हाडावर ठेवल्यावर मध्यभागी एक-दीड मिलिमीटर उचललेली राहावी. सहाय्यकाने दोन्ही तळहातांनी जबड्याचे कोपरे कानांखालून आत दाबून धरले आणि त्या दाबाखाली स्क्रू पुन्हा आवळले. या वेळी निळा कागद दोन्ही उंचवट्यांवर उमटला. या साऱ्याला पंचवीस मिनिटे लागली. पुढची तीन मिनिटे त्याच कागदाने सर्व दाढा पुन्हा तपासण्यात गेली, आणि तीही आवश्यक होती.

कॉन्डाइलसाठी डाव्या कानाच्या पाळीखालून, जबड्याच्या मागच्या कडेला समांतर असा साडेतीन सेंटिमीटरचा छेद घेतला. त्वचेखाली लाळग्रंथी आणि तिच्यातून पंख्यासारख्या पसरलेल्या चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या असतात. म्हणून येथून पुढे सुरी वापरली नाही, बोथट कात्रीची टोके फांद्यांच्या दिशेने उघडत उघडत वाट काढली आणि मज्जातंतू ओळखणाऱ्या उत्तेजक यंत्राने वारंवार खात्री केली. गालाकडे जाणारी एक फांदी दिसली, ती वर सारली. स्नायू हाडापासून सोडवल्यावर फ्रॅक्चर दिसले. आत कललेला तुकडा बाहेर आणण्यासाठी आधी जबडा खाली ओढून जागा करावी लागते, त्यासाठी दातांच्या तारा सैल केल्या, जबड्याच्या कोपऱ्याला छोटे भोक पाडून त्यातून तार घातली आणि सहाय्यकाने ती खाली खेचली. पहिल्या दोन प्रयत्नांत तुकडा हातचा निसटला. तिसऱ्या वेळी तो बाहेर वळला, जागेवर आला, आणि तार सैल सोडताच दोन्ही कडा एकमेकींत बसल्या. दात पुन्हा बांधून एक प्लेट मागच्या कडेला व दुसरी पुढे, जबड्याच्या उभ्या भागाच्या वरच्या काठावरच्या खोबणीखाली बसवली. दोन प्लेटचे कारण हेच, की चावताना येथे मागच्या कडेवर दाब आणि पुढच्या कडेवर ताण येतो. एकटी प्लेट वाकते किंवा तुटते, असे मी दुसऱ्या रुग्णांत पाहिले आहे.

तारा सोडून जबडा हाताने उघडला, मिटवला, दात आपोआप पूर्वीच्या जागी येत होते. लाळग्रंथीवरचे आवरण पाणी गळू नये इतके घट्ट शिवले. पुढे हनुवटीचा स्नायू हाडाला पुन्हा नीट अडकवून मग हिरडी शिवली, कारण तो लोंबता राहिला तर खालचा ओठ कायमचा ओघळतो.

नंतरच्या दिवसांत तोंड बांधलेले नव्हते. दहा दिवस दोन्हीकडे हलकी रबरे दिली, तीही दातांना योग्य वाट दाखविण्यापुरती. पहिले दोन आठवडे पातळ आहार, म्हणजे ताक, गाळलेले मुगाचे वरण, ज्वारीची पेज, दुधात घोटलेले अंडे, आणि त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत मऊ भात व कण्या. लाळग्रंथीला विश्रांती मिळावी म्हणून लिंबू व लोणचे दोन आठवडे बंद ठेवले. तिसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. दातांच्या मध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत ठेवायची, दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची, दिवसातून पाच वेळा. घरी गेल्यावर हा व्यायाम सुटतो हे माहीत असल्याने काड्यांची मोजणी वडिलांकडे दिली आणि त्यांनी ती वहीत रोज लिहिली. ती वही प्रत्येक फेरीला ते बरोबर आणत.

शस्त्रक्रियेनंतरच्या सीटीत कॉन्डाइल सरळ आणि उभ्या भागाची उंची दुसऱ्या बाजूइतकी दिसली. दुसऱ्या दिवसापासून खालच्या ओठाचा डावा कोपरा हसताना कमी ओढला जात होता, तो आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ववत झाला. चौथ्या आठवड्यात आर्च बार काढले. सहाव्या आठवड्यात तो दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागला. उजव्या ओठाची संवेदना चौथ्या महिन्यापर्यंत परतली, फक्त हनुवटीजवळ नाण्याएवढा भाग अजून जाड वाटतो असे तो सांगतो.

तोंड तिसऱ्या महिन्यात 27 मिलिमीटर उघडत होते आणि सहाव्या महिन्यात 28, म्हणजे अपघातापूर्वीच्या दोन बोटांपेक्षा थोडे कमी. मला याहून जास्त अपेक्षा नव्हती, कारण प्लेट हाड जोडते, गालातले तंतू सोडवत नाही. त्यासाठी वेगळे उपचार आहेत आणि ते सुपारी पूर्ण थांबल्यावरच सुरू करायचे असे ठरले आहे. गुटखा बंद आहे असे तो म्हणतो. वडील त्याला दुजोरा देतात, पण सहाव्या महिन्याच्या तपासणीत पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ताजे तपकिरी डाग होते आणि ते मी दोघांनाही आरशात दाखवले.

उजव्या पहिल्या उपदाढेला मात्र थंडाची जाणीव परतलेली नाही. फ्रॅक्चरची रेषा तिच्या मुळाजवळून गेली होती. दात रंगलेला नाही, हलत नाही, हिरडी चांगली आहे, पण क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकापाशी काळसर छटा दिसू लागली आहे. रूट कॅनालसाठी पुढच्या मंगळवारी त्याला बोलावले आहे, आणि वही सोबत आणायला सांगितले आहे.